प्रयोगशाळेतले हातमोजे: कुठला, कशासाठी, किती मिनिटं?

निळा लिटमस (धागाकर्ता)

"ग्लोव्हज घातलेत ना?" "हो." बहुतेक प्रयोगशाळांत सुरक्षेची चौकशी एवढ्यावर संपते. कुठले घातलेत, कशासाठी घातलेत आणि केव्हापासून घातलेत हे कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे कान पकडावा.

रबरी मोजा तीन प्रकारे दगा देतो. एक म्हणजे छिद्र किंवा चीर. ते कळायला सोपं. दुसरं, रसायनामुळे मोजाच खराब होणं: फुगतो, सुरकुततो, चिकट होतो नाहीतर कडक होऊन तडकतो. हेही बऱ्याचदा डोळ्यांना दिसतं. तिसरा प्रकार घातक, कारण तो दिसत नाही: झिरपणं. रसायनाचे रेणू रबराच्या बाहेरच्या पृष्ठभागात विरघळतात, जाडीतून पसरत जातात आणि आतल्या बाजूने बाहेर पडतात. यासाठी छिद्र लागत नाही. गाठ पक्की असलेला फुगा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तोच हा प्रकार.

रसायन आरपार यायला जो वेळ लागतो त्याला ब्रेकथ्रू टाइम म्हणतात. साध्या विसरणाच्या गणितानुसार हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ०.१ मिमीच्या जागी त्याच रबराचा ०.४ मिमीचा मोजा घेतला तर वेळ चौपट नाही, साधारण सोळापट. आणि तापमान वाढलं की वेळ घटतो. चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते, पण मोज्याच्या आत हात असतो आणि तो त्याहून गरम असतो. त्यामुळे उत्पादकाच्या तक्त्यातला आकडा ही वरची मर्यादा समजावी, हमी नव्हे.

खोक्यातले निळे वापरून-फेकायचे नायट्राइल (एक कृत्रिम रबर) मोजे तळव्याशी ०.१ मिमीच्या आसपास असतात, कधी त्याहूनही पातळ. ते शिंतोड्यांसाठी आहेत. थेंब पडला की काढायचे, हात धुवायचे, नवे घालायचे. विद्रावकात हात घालून भांडी विसळण्यासाठी ते नाहीत.

---

शंकासूर

मग ॲसिटोनने भांडी धुताना काय घालायचं? सगळीकडे निळे नायट्राइलच दिसतात.

---

मेनिस्कस

शंकासूर, दिसतात म्हणून ते बरोबर होत नाहीत. पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन एक-दोन मिनिटांत पलीकडे जातो, डायक्लोरोमिथेन तर मिनिटाच्या आतच. डायक्लोरोमिथेनचा थेंब पडला की ती जागा लगेच फुगून चुरगळल्यासारखी होते आणि तिथे गार लागतं. गार लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

यामागचं रसायनशास्त्र 'समान समानाला विरघळवतो' एवढंच आहे. नायट्राइल म्हणजे ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल यांचं सहबहुलक. नायट्राइल गटामुळे ते ध्रुवीय होतं, म्हणून तेल, पेट्रोल, हेक्सेन यांना ते छान अडवतं. पण ॲसिटोन, टीएचएफ, इथाइल ॲसिटेट, क्लोरोफॉर्म या विद्रावकांशी त्याचं चटकन जमतं. नैसर्गिक लेटेक्स (झाडाच्या चिकापासूनचं रबर) उलट: हेक्सेन, टोल्युइनसमोर ते फुगून लोळागोळा होतं.

ॲसिटोन, एमईके, डीएमएफ या विद्रावकांसाठी ब्युटाइल रबर. अर्ध्या मिमीच्या आसपासचा चांगला ब्युटाइल मोजा ॲसिटोनला कित्येक तास थोपवतो. पण त्याच मोज्याने टोल्युइन हाताळाल तर फसाल. टोल्युइन, झायलीन, क्लोरोफॉर्मसाठी व्हायटन म्हणजे फ्लोरोइलॅस्टोमर उत्तम, आणि त्या व्हायटनवर ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट पडलं की तोही गेला. ब्युटाइल आणि व्हायटन हे जवळपास एकमेकांचे पूरक आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हा आणखी मजेशीर. बेन्झीन, टोल्युइन, क्लोरिनयुक्त विद्रावक यांना जबरदस्त अडवतो, पण पाण्यात विरघळतो. कोणीतरी नेकीने नळाखाली धुवून ठेवतो आणि मोजा बाद होतो. ओल्या कामाला, अल्कोहोलला, पाणी मिसळलेल्या कशालाही तो चालत नाही.

---

जुनी पाटी

इतिहासावर चार ओळी माझ्याकडून, कारण तो कळला की आजचा गोंधळही कळतो.

रबराच्या आधी काय होतं? १७५८ साली योहान यूलियुस वाल्बाउम या डॉक्टराने स्त्रीरोग तपासणीसाठी मेंढीच्या आतड्याचा मोजा वापरला होता. कच्चं रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट, त्यामुळे त्याचे धड मोजे होईनात. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, १८४४ मध्ये पेटंट मिळालं, आणि मग रबरी मोजे शक्य झाले. पण ते जाड होते. शवविच्छेदनाला चालत, नाजूक कामाला नाही.

पातळ मोज्याची गोष्ट बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली. १८८९-९० च्या हिवाळ्यात सर्जन विल्यम हाल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातल्या मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात मर्क्युरिक क्लोराइडच्या निर्जंतुक द्रावणाने सोलवटून निघाले. हाल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ मोजे करून घेतले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं, म्हणून ही गोष्ट बहुतेक वेळा प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते.

---

निळा लिटमस

म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी मोजे आले हे खरं नाही?

---

जुनी पाटी

नाही. पहिला पातळ रबरी मोजा हा रसायनापासून त्वचा वाचवण्यासाठी होता, म्हणजे आपल्याच वापरासाठी! रुग्णाच्या बाजूने विचार नंतर आला. हाल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी १८९६ पासून मोजे नियमाने घालायला सुरुवात केली आणि १८९९ मध्ये साडेचारशेहून अधिक हर्निया शस्त्रक्रियांचा लेखाजोखा मांडला. संसर्ग स्पष्टपणे घटला होता. तिथून मोजा शस्त्रक्रियेचा भाग झाला.

पुढची पन्नास-साठ वर्षं तेच मोजे धुवून, उकळून, पावडर लावून पुन्हा वापरले जात. १९६० च्या दशकात एकदा वापरून फेकायचे निर्जंतुक लेटेक्स मोजे बाजारात आले. पण खरी लाट आली ती एड्सनंतर. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९८७ मध्ये सर्व रुग्णांच्या रक्ताबाबत सारखीच काळजी घ्यायच्या सूचना दिल्या आणि मागणी आकाशाला भिडली. त्याच काळात लेटेक्सच्या ॲलर्जीचं प्रमाणही वाढलं. घाईच्या उत्पादनात मोजे नीट धुतले जात नव्हते, त्यामुळे रबराच्या चिकातली प्रथिनं जास्त उरत होती, असं त्याचं एक कारण मानलं जातं. वापरून-फेकायचा नायट्राइल मोजा १९९० च्या दशकात आला तो या पोकळीत. नायट्राइल रबर स्वतः १९३० च्या दशकातलं, जर्मनीतलं. निओप्रीन ड्यूपॉन्टने १९३१ मध्ये जाहीर केलं, ब्युटाइल १९३७ चं, व्हायटन १९५७ चं.

म्हणजे बघा, आपला निळा मोजा रसायनांसाठी निवडला गेलाच नव्हता. लेटेक्सची ॲलर्जी टाळण्यासाठी दवाखान्यात आला आणि तिथून प्रयोगशाळेत शिरला.

---

पेट्रीताई

पावडरीचं राहिलं, जुनी पाटी. मोजा हातात सहज सरकावा म्हणून आधी टाल्क वापरत. ते जखमेत गेलं की गाठी होत आणि आतले भाग एकमेकांना चिकटत, म्हणून १९४० च्या दशकापासून मक्याचा स्टार्च आला. पण स्टार्चचे कण लेटेक्सची प्रथिनं चिकटवून घेऊन हवेत उडतात, त्यामुळे मोजा न घातलेल्या माणसालाही दम लागू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पावडरयुक्त शस्त्रक्रिया व तपासणी मोज्यांवर बंदी घातली, ती जानेवारी २०१७ पासून लागू झाली.

ॲलर्जीबद्दल एक घोळ कायम होतो, तो इथेच निस्तरते. लेटेक्स प्रथिनांची ॲलर्जी मिनिटांत दिसते: गांध्या, शिंका, दम, क्वचित जीवावर बेतणारा झटका. अशांना केळं, किवी, ॲव्होकाडो यांचाही त्रास होऊ शकतो. याउलट एक-दोन दिवसांनी हाताच्या मागच्या बाजूला आणि मनगटावर मोज्याची कड असते तिथवर खाज, पुरळ आलं तर संशयित आहेत थायूराम, डायथायोकार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल ही रबर पक्कं करायला घातलेली रसायनं. ती नायट्राइलमध्येही असतात. त्यामुळे "लेटेक्स सोडून नायट्राइल घेतले तरी पुरळ जात नाही" यात नवल काही नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर-फ्री लिहिलेलं खोकं शोधायचं आणि पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करायची ॲलर्जीची चाचणी) करून घ्यायची.

तिसरी शक्यता सगळ्यात सामान्य: ॲलर्जी नाहीच, घामाने आणि सतत हात धुण्याने त्वचा कोरडी पडलीय. ओल्या हातावर मोजा चढवू नका.

---

शंकासूर

+१. आता खोक्यावरची चिन्हं कोणी उलगडून सांगेल का? शंकूपात्राचं चित्र आणि खाली जे के पी टी असं काहीतरी असतं.

---

मेनिस्कस

ते ईएन आयएसओ ३७४-१ या युरोपीय मानकाचं चिन्ह. २०१६ च्या आवृत्तीत १८ रसायनांची यादी आहे, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. ए मिथेनॉल, बी ॲसिटोन, सी ॲसिटोनायट्राइल, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोल्युइन, एच टीएचएफ, आय इथाइल ॲसिटेट, जे हेप्टेन, के ४० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, एल ९६ टक्के सल्फ्युरिक, एम ६५ टक्के नायट्रिक, पी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, एस ४० टक्के हायड्रोफ्लोरिक, टी ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड. उरलेली चार तक्त्यात बघा.

टाइप ए म्हणजे यादीतल्या किमान सहा रसायनांना ३० मिनिटांहून जास्त. टाइप बी म्हणजे किमान तीन रसायनांना ३० मिनिटं. टाइप सी म्हणजे एकाला १० मिनिटं, बस. त्याच्या चित्राखाली अक्षरंही नसतात. पातळ नायट्राइलच्या खोक्यावर साधारण के, पी, टी दिसतात, म्हणजे कॉस्टिक, पेरॉक्साइड, फॉर्मेलिन. सगळी पाण्यातली द्रावणं! बी, डी, एच दिसत नाहीत. जे अक्षर छापलेलं नाही तेच वाचायला शिकायचं.

यात दोन मेखा आहेत. पहिली: युरोपीय पद्धतीत दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोग्रॅम इतका ओघ झाला की ब्रेकथ्रू धरतात. अमेरिकी एएसटीएम एफ७३९ या मानकात मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहापट कडक. म्हणून एकाच मोज्याचे दोन तक्त्यांत दोन आकडे दिसतात. तुलना करताना पद्धत एकच आहे ना ते बघा. दुसरी: दोन्हींत तो वेळ म्हणजे "तोवर शून्य आलं" असा अर्थ नाही. तोवर ठरलेल्या मर्यादेखाली आलं, एवढंच. कर्करोगाच्या औषधांसाठी एएसटीएम डी६९७८ आहे, त्यात मर्यादा ०.०१.

आणि मिश्रणाचा तक्ता मिळत नाही. हेक्सेन-इथाइल ॲसिटेटच्या कॉलमवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची नळी) काम करताना फक्त हेक्सेनचा आकडा बघून नायट्राइलवर भरवसा ठेवला तर इथाइल ॲसिटेट रबर फुगवतो आणि त्याच वाटेने बाकीचंही आत येतं.

---

बुडबुडा

छिद्रांचंही सांगा. खोक्यावरच्या एक्यूएल (गुणवत्तेची स्वीकार्य मर्यादा) १.५ याचा अर्थ "दर शंभरात दीड मोजा फुटका चालतो" असाच ना?

---

मेनिस्कस

ढोबळमानाने हो. नमुन्यातल्या प्रत्येक मोज्यात एक लिटर पाणी भरून टांगतात आणि दोनेक मिनिटं गळती बघतात. एक्यूएल हा पूर्ण घाणा स्वीकारायचा की नाही हे ठरवायचा निकष आहे, तुमच्या हातातल्या मोज्याची खात्री नाही. ०.६५ असेल तर उत्तम, १.५ ठीक, ४.० असेल तर रसायनाला नको. आणि ही कारखान्यातून निघतानाची स्थिती. नखं, अंगठी, चिमट्याचं टोक याचा हिशोब वेगळा.

---

अणुरेणू

वेटरहान यांचा उल्लेख अजून कसा नाही? मोज्यांच्या चर्चेत ही घटना टाळून चालणार नाही.

कॅरन वेटरहान, डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, विषारी धातूंच्याच अभ्यासक. १४ ऑगस्ट १९९६ रोजी फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा खेचून घेणारं कपाट) काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे मोजके थेंब त्यांच्या लेटेक्स मोज्यावर पडले. पाऱ्याच्या एनएमआर या रचना ओळखायच्या चाचणीसाठी हे संयुग संदर्भ म्हणून वापरत. त्यांनी आवराआवर करून मोजे काढले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. लक्षणं दिसायला काही महिने गेले: तोल जाणं, बोलणं अडखळणं. निदान झालं तेव्हा रक्तातला पारा लिटरला ४००० मायक्रोग्रॅम होता. विषबाधेची पातळी २०० धरतात. ८ जून १९९७ रोजी त्या गेल्या.

नंतरच्या चाचणीत दिसलं की डायमिथाइल मर्क्युरी वापरून-फेकायच्या लेटेक्समधून १५ सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर आरपार जाते. तेव्हापासूनची शिफारस अशी: आत पॉलिइथिलीन आणि ईव्हीओएच या प्लास्टिकांच्या थरांचा लॅमिनेट मोजा, त्यावर लांब मनगटाचा जाड निओप्रीन किंवा नायट्राइल. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे संयुग वापरूच नका, पर्याय शोधा.

लॅमिनेट मोजा जवळजवळ प्रत्येक विद्रावकाला अडवतो, जाडी ०.०७ मिमी असूनही. म्हणजे जाडीपेक्षा पदार्थ मोठा. पण तो चपटा, कडक, कुरकुरणारा. बोटांवर बसत नाही, चटकन चिरतो. त्यावर एक माप लहान नायट्राइल ताणून घातला की बोटांना घट्ट बसतो आणि ओरखड्यांपासूनही वाचतो. लॅमिनेट आत, नायट्राइल बाहेर. उलट केलं तर काहीच साधत नाही.

---

शंकासूर

मग सगळ्यांनी कायम दोन-दोन नायट्राइलच घातले तर? वर्गाच्या नियमाने चौपट वेळ मिळेल.

---

अणुरेणू

काही प्रमाणात, पण डायक्लोरोमिथेनच्या अर्ध्या मिनिटाची चौपट किती होते ते बघा. दुहेरी घालण्याचा खरा फायदा वेगळा: छिद्रावर छिद्र येण्याची शक्यता नगण्य होते, आणि बाहेरचा डागाळला की आतला ठेवून तो क्षणात फेकता येतो. आतला गडद रंगाचा आणि बाहेरचा फिका घ्या, बाहेरच्याला चीर पडली की लगेच नजरेत भरते. रंगाचा बाकी काही प्रमाणित अर्थ नसतो. जांभळा म्हणजे जास्त मजबूत वगैरे ऐकीव गोष्टी आहेत.

---

निळा लिटमस

आम्लांवर कोणी लिहितंय का? नाहीतर मीच लिहितो. पातळ नायट्राइलला सौम्य आम्लं चालतात. संहत नायट्रिक चालत नाही: डाग पिवळट-तपकिरी होतो, रबर कडक होऊन तडकतं, आणि धूमायमान नायट्रिक असेल तर मोजा पेटूही शकतो. ९६ टक्के सल्फ्युरिकसमोर पातळ नायट्राइल आणि लेटेक्स दोन्ही काही मिनिटांत काळवंडून विरतात. इथे लांब मनगटाचे जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल हवेत.

हायड्रोफ्लोरिकचं वेगळं सांगतो. २० टक्क्यांहून सौम्य द्रावणाची इजा चोवीस तासांपर्यंत कळतच नाही, तोवर फ्लोराइड आत जाऊन कॅल्शियम बांधत असतो. जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल, आत नायट्राइल, आणि हाताशी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल. जेल बाटलीच्या आधी आणायचं, नंतर नाही. मोज्यावर शिंतोडा दिसला की "हे एवढं संपवतो" म्हणायचं नाही, तिथेच थांबून मोजे बदलायचे. त्वचेवर गेल्याचा नुसता संशय आला तरी धुवायचं, जेल चोळायचं आणि थेट डॉक्टर.

डीएमएसओ हा विद्रावक स्वतः फार विषारी नाही म्हणून लोक गाफील राहतात. तो त्वचेतून जाताना त्यात विरघळलेलं संयुगही सोबत नेतो. तुमचं संयुग काय आहे त्यावर मोजा ठरवा.

---

पेट्रीताई

जीवशास्त्राच्या बाजूने. आमच्याकडे झिरपण्यापेक्षा पसरण्याचा त्रास जास्त. इथिडियम ब्रोमाइडच्या (डीएनए रंगवायचं घातक रसायन) जेलला लागलेला मोजा मग कीबोर्डवर, फ्रीजच्या मुठीवर, फोनवर, चष्म्यावर. मोजे घातलेल्या हाताने दार उघडायचं नाही. सामान न्यायचंच असेल तर एक हात मोज्यात ठेवून बाटली धरा आणि दुसरा उघडा ठेवून दार उघडा.

काढायची रीत, कारण घालण्यापेक्षा काढताना जास्त हात माखतात: डाव्या मोज्याचा तळव्याकडचा भाग मनगटाच्या कडेपासून थोडा खाली, बाहेरूनच, उजव्या हाताच्या चिमटीत धरायचा. कड गुंडाळली जाईल असा हळू ओढायचा, म्हणजे मोजा उलटा होत निघतो. झटका दिला की थेंब उडतात. निघालेला मोजा उजव्या मुठीत गोळा करायचा. आता डाव्या उघड्या हाताची दोन बोटं उजव्या मोज्याच्या कडेच्या आत, त्वचेला लागून सरकवायची, बाहेरच्या बाजूला स्पर्श नाही. आतून बाहेर ढकलत उलटा करायचा, पहिला मोजा त्याच्या पोटात जातो. कचऱ्यात टाका, साबणाने हात धुवा.

मोज्यांवर सत्तर टक्के इथेनॉल फवारून तेच तासन्‌तास वापरणं ही आमच्या क्षेत्रातली खोड. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये हात नेताना एकदा-दोनदा ठीक आहे. पण वारंवारच्या अल्कोहोलने मोजा कमजोर होतो आणि अल्कोहोल पातळ नायट्राइलमधून पलीकडेही जातं. बदला सरळ. मोज्याची कड कोटाच्या बाहीवर यायला हवी. बाही वर सरकून मनगटाची पट्टी उघडी राहिली तर सगळं व्यर्थ.

---

बुडबुडा

विश्लेषणवाल्यांसाठी: मोजा हात वाचवतो आणि नमुना नासवतो. तो बनतो कसा ते बघितलं की कळतं. हाताच्या आकाराचा चिनी मातीचा साचा आधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात, मग रबराच्या दुधात. कॅल्शियममुळे दूध साच्यावर गोठतं. मग गरम पाण्यात धुणं, कड गुंडाळणं, भट्टी. दुधात गंधक, झिंक ऑक्साइड आणि पेट्रीताईंनी सांगितलेले ॲक्सिलरेटर असतात. साच्यावरून सुटावा म्हणून स्टिअरेट. पावडरविरहित करायला शेवटी क्लोरिनच्या पाण्यातून काढून पृष्ठभागाचा चिकटपणा घालवतात.

आता आयसीपी-एमएस या धातू मोजायच्या उपकरणात ब्लँकमध्ये (नमुन्याशिवायची कोरी चाचणी) झिंक आणि कॅल्शियम कुठून आलं, आयन क्रोमॅटोग्राफीत नायट्रेट कुठून आलं? मोज्यातून. स्टिअरेटचा अवरक्त वर्णपट पॉलिइथिलीनशी इतका मिळताजुळता की मायक्रोप्लास्टिकच्या मोजणीत तो प्लास्टिक म्हणून गणला जाऊ शकतो. व्हिनाइल मोज्यांतून थॅलेट हा प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) सुटतो आणि जीसी-एमएस या सेंद्रिय संयुगं ओळखायच्या उपकरणात वस्तुमान १४९ वर ठसठशीत दिसतो. शिवाय विद्रावकाने प्लास्टिसायझर निघून गेला की व्हिनाइल ताठर होऊन चिरतं.

उपाय: मोजा घातल्यावर शुद्ध पाण्याने बोटं विसळा, सुकू द्या. नमुन्याला, फिल्टरला, कुपीच्या तोंडाला बोट लागू न देता चिमटा वापरा. सूक्ष्म धातूंसाठी बाहेरून सैल पॉलिइथिलीनचा मोजा. आणि प्रत्येक नव्या खोक्यातला एक मोजा तुमच्याच आम्लात भिजवून ब्लँक काढा. हे न करता उपकरणाला दोष देण्यात आठवडे जातात.

---

शंकासूर

द्रव नायट्रोजनला काय? नायट्राइल घालून डेवर (द्रव नायट्रोजनचं थर्मासारखं भांडं) हाताळणारे पाहण्यात आहेत.

---

मेनिस्कस

उणे १९६ अंशाला पातळ नायट्राइल कडक होऊन तडकतो किंवा त्वचेला चिकटतो. क्रायो मोजे सैल हवेत. आत द्रव गेलाच तर हात झटकून उडवता आले पाहिजेत, घट्ट असले तर द्रव आतच अडकतो. तेही शिंतोड्यांसाठीच, द्रवात हात बुडवायला नाहीत. ओतत असताना या मोज्याची मनगटाकडची कड मात्र बाहीच्या आत असावी, म्हणजे ओघळ मोज्यात शिरणार नाही.

ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंशांसाठी कापडी मोजा चालेल, पण कोरडा. ओलसर झाला की पाणी उष्णता थेट हातापर्यंत आणतं.

आणि एक जागा अशी जिथे मोजे घालायचेच नाहीत: ड्रिल, लेथ, फिरणारा शाफ्ट. मोज्याचं टोक अडकलं की हात ओढला जातो.

---

अणुरेणू

ग्लोव्हबॉक्सवाल्यांसाठी (हवाबंद पेटी, तिला बसवलेल्या मोज्यांतून आत काम करायचं) छोटी भर. तिथे बहुधा ०.४ ते ०.८ मिमीचा ब्युटाइल असतो, कारण त्यातून ऑक्सिजन आणि ओलावा फार हळू जातो. पण पेंटेन, टोल्युइनने तो फुगतो, म्हणून आत काम करताना वरून नायट्राइल घाला. धारदार गोष्टींपासूनही वाचतो. ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढत असेल तर एकेका मोज्याचं पोर्ट आतून झाकण लावून बंद करा. ज्याच्यावर झाकण बसल्यावर आकडा उतरू लागतो, गळती त्याच मोज्यात. बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यात किंवा अंगठ्याच्या मुळाशी सापडते, कारण तिथेच सतत घडी पडते.

---

शंकासूर

शेवटचं विचारतो. माप आणि साठवण? आमच्या कपाटात लेटेक्सची जुनी खोकी आहेत, फेकायची का?

---

निळा लिटमस

माप: अंगठा सोडून तळव्याचा घेर, बोटांच्या सांध्यांजवळ मोजायचा. साधारण १७८ मिमी म्हणजे ७, २०३ म्हणजे ८, २२९ म्हणजे ९. लहान मोजा बोटांच्या सांध्यांवर ताणून पातळ होतो, म्हणजे झिरपायला सोपा. मोठ्याची बोटांची टोकं लोंबतात आणि झाकणात, कुपीत अडकतात.

साठवण: थंड, कोरडी, अंधारी जागा. खिडकी, अतिनील दिवा, ओझोन सोडणारी मोटर जवळ नको. खोक्यावरची तारीख उलटली असेल तर फेका. तारीख नसेल तर एक मोजा ताणून बघा: पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या, चिकट किंवा ठिसूळ लागला तर पूर्ण खोकं बाद. वापरण्याआधी कड मुरगळून आत हवा कोंडा आणि बोटं दाबून बघा, तोंडाने मात्र फुंकू नका. जाड, पुन्हा वापरायचे मोजे असतील तर धुवून, उलटे टांगून वाळवा आणि आधी काय लागलं होतं ते मार्करने मनगटावर लिहा. एकदा आत शिरलेलं रसायन बाहेरून धुतल्याने निघत नाही, मोजा पडून असतानाही ते आतल्या बाजूकडे सरकत राहतं. ब्रेकथ्रूच्या वेळेजवळ गेलेला जाड मोजा सोमवारी कोरडा दिसला तरी त्यात हात घालू नका.

तुमची लेटेक्सची खोकी पावडरवाली असतील तर तारीख बघत बसू नका, काढूनच टाका.